ऐच्छिक सुटी आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आषाढ वद्य त्रयोदशी हा संतशिरोमणी नामदेव महाराजांचा समाधिदिन. या दिवशी सरकारने सार्वत्रिक सुटी जाहीर करावी, असा ठराव सभेपुढे आहे. त्यामागील भक्तिभाव आम्हांस सर्वथा मान्य आहे. तथापि मागणीचे स्वरूप बदलावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या कार्यालयांना वर्षात १७ सुट्या असतात. त्यांपैकी १४ देशभर सारख्याच. त्यांत राष्ट्रीय दिन आहेत. दसरा, दिवाळी, ईद, मोहरम, नाताळ, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती आणि गुरुनानक जयंतीही आहे. उरलेल्या ३ सुट्या त्या त्या प्रांताच्या रिवाजाप्रमाणे ठरतात. याखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्यास ठराविक यादीतून आपल्या पसंतीच्या २ सुट्या घेता येतात. हीच ऐच्छिक सुटी होय. कार्यालय चालू राहते. ज्याचा सण असेल तो तेवढा घरी राहतो.

ही योजना आम्हांस शहाणपणाची वाटते. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीस देशात सुमारे ३० पंचांगे प्रचलित असल्याचे आढळले होते. अशा देशात प्रत्येक ज्ञातीच्या पुण्यदिनी सर्वांचीच कामे बंद ठेवू लागलो, तर कामाला दिवस किती उरतील?

शिवाय आपल्या व्यवसायाचा विचार करा. दिवाळी असो, रमजान असो, लग्नसराई असो. दुसऱ्यांच्या सणाच्या आदल्या रात्री आपल्या घरचे यंत्र चालू असते. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या घरी सुटीचा दिवस म्हणजे बिनकमाईचा दिवस. नोकरदार बांधवांना पगारी सुटी मिळेल. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बांधवाला काय मिळेल, हा प्रश्न ठराव करण्यापूर्वी आपण स्वतःस विचारला पाहिजे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सार्वत्रिक सुटीऐवजी हा दिवस ऐच्छिक सुट्यांच्या यादीत असावा, एवढेच मागावे. यादी वाढली तरी प्रत्येकाच्या सुट्या दोनच राहतील. कोणाच्याही कामाचा खोळंबा होणार नाही. दुसरी, आपल्यापैकी जे दुकानमालक आहेत, त्यांनी आपल्या कारागिरांस या दिवशी मजुरीसह सुटी द्यावी. सरकारकडे मागण्यापूर्वी आपल्या हातचे द्यावे, हे बरे. तिसरी, कचेरीतील पारशी, ख्रिस्ती वा मुसलमान सहकारी आपल्या सणाची ऐच्छिक सुटी घेईल, त्या दिवशी त्याचे काम आपण आनंदाने उचलावे. ज्या नामदेवरायांची पदे गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली आहेत, त्यांच्या नावाने जमणाऱ्यांस हे जड जाऊ नये.

सभेने या सूचनांचा विचार करावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.