चंद्र आपल्याबरोबर का येतो?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाई म्हणाल्या होत्या, एखादा पदार्थ सांगा. पण मी आज आकाशात उडण्याविषयी बोलणार आहे. पदार्थही त्यातच येतील, काळजी नसावी.

लहानपणी रात्रीच्या एस. टी.ने कुर्डुवाडीला जाताना मी आईला विचारले, "चंद्र आपल्याबरोबर का येतो?" सारी गाडी हसली. कंडक्टर म्हणाले, "त्याचं तिकीट काढलंस का?" मीही हसले, पण त्यानंतर चारचौघांत प्रश्न विचारायचे सोडले.

उडण्याची हौस माणसाला फार जुनी. पुष्पक विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राही, असे कीर्तनात ऐकले आहे. आपल्या टेंभुर्णीच्या स्टँडवरची गाडी अगदी याच्या उलट! फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न नावाचे लेखक झाले. त्यांच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या. व्हर्न यांनी १८६५ साली तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून, अमेरिकेच्या फ्लोरिडातून चंद्राकडे उडवले. सोबत कुत्री आणि कोंबड्यासुद्धा दिल्या. लोकांची करमणूक झाली. पण १९६९ साली खरोखरच तीन माणसे फ्लोरिडातूनच चंद्राकडे निघाली. कोंबड्या मात्र नेल्या नाहीत.

आपले चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या वेळी माझी आमटी करपली. घरात कोणी रागावले नाही. त्या यानाला उचलणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे बूस्टर होते. त्यांच्या पोलादी कवचाचे भाग कोठे झाले, ठाऊक आहे? भीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात! ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचे ते गाव, ते आपल्या सोलापुरात जन्मलेले. हे कवच दहा फुटांहून अधिक रुंद. एकेका बूस्टरमध्ये सुमारे २०० टन घट्ट इंधन जळते. कुकरचे भांडे कच्चे असेल तर काय होईल, ते आपल्याला सांगायला नको. म्हणून या कवचाची आधी दाबाची परीक्षा घेतात. वायू जोराने खाली सुटतो आणि रॉकेट वर जाते, दिवाळीतल्या बाणासारखे.

आता पदार्थ. २०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकात गेले. त्यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तेथे सांडलेला कण खाली पडत नाही. तरंगत डोळ्यांत नाहीतर यंत्रात शिरतो. म्हणून तेथे पावाऐवजी मऊ पोळीसारखा टॉर्टिला खातात. आपली सोलापुरी कडक भाकरी तेथे मोडली तर सगळे काम सोडून चुरा पकडत हिंडावे लागेल. शेंगांची चटणी तर डब्याबाहेर काढूच नये. उद्या टेंभुर्णी ते चंद्र गाडी सुरू झाली, तर मी पुरणपोळ्या बांधून घेईन.

हसलात, बरे वाटले. पण एक सांगते. धाकट्या जावेची मुलगी यंदा सातवीत आहे. परवा ती म्हणाली, "काकू, मी रॉकेट बांधणार." सारे हसले. मीही हसले. तिचा चेहरा उतरला, आणि मला ती एस. टी. आठवली. रात्री मी तिला माझ्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. ते मला तिच्याच पुस्तकांमुळे कळले होते. जवळची झाडे भराभर मागे जातात, लांबची टेकडी हळू जाते. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. आपण कुर्डुवाडीपर्यंत गेलो तरी त्याची जागा हललेली दिसत नाही. म्हणून तो बरोबर येतोसा वाटतो. ती म्हणाली, "मग तुम्हाला हे कोणी तेव्हाच का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी पुस्तकाचे वाण द्यावे. भागवतांची पुस्तके आहेत, डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. घरातली मुलगी वाचील, विचारील. आपल्याला उत्तर आले नाही तर "चल, शोधू" म्हणावे. आणि तिची शाळा सातवीला थांबू देऊ नये.