इद्दत आणि अर्जाची मुदत

(चिपळूण येथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी इथलीच. लग्नानंतर बर्मिंगहॅमला गेले. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतून मुली अशा ब्रिटनला जातात. तुमच्यापैकी कुणाची बहीण, कुणाची मावशी तिथे असेल. म्हणून आज मी पैशांचं आणि कागदांचं बोलणार आहे. दुःख तर प्रत्येक घराला ठाऊक असतं, त्यानंतरचे कागद ठाऊक नसतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये माझे पती अचानक गेले. वय 38. थोरला मुलगा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. ते टॅक्सी चालवत, मी औषधांच्या दुकानात आठवड्याला 20 तास काम करत होते. मुलं नर्सरीत जात आणि तो खर्च झेपत होता ‘टॅक्स क्रेडिट’मुळे. कमी उत्पन्नाच्या नोकरदार आईबापांना मुलांच्या सांभाळाच्या खर्चापैकी 70 टक्क्यांपर्यंत रक्कम त्यातून मिळे. एका मुलासाठी आठवड्याला 175 पौंडांपर्यंतचा आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी 300 पौंडांपर्यंतचा खर्च धरला जाई. आमचा दावा दोघांच्या नावावर होता.

मी इद्दतीत बसले. चार महिने दहा दिवस. टपाल यायचं, मी ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायचे. बँकेत पैसे जमा होत होते. वाटलं, अल्लाहची मेहरबानी, तेवढं तरी चालू आहे. नातेवाईक म्हणाले, "इद्दतीत कचेरीचे व्यवहार कशाला? नंतर बघू." मशिदीतून एक पाकीट आलं. देणाऱ्यांची मी आजही ऋणी आहे. पण त्या चार महिन्यांत, "बेटी, अर्ज केलास का?" असं विचारणारं एकही माणूस आमच्या दारात आलं नाही.

पाच महिन्यांनी ड्रॉवर उघडला. जोडीदार गेला की जोडप्याचा दावा तिथेच संपतो आणि महिन्याच्या आत ते कळवायचं असतं, हे तेव्हा समजलं. मी कळवलंच नव्हतं. मेहरबानी समजून खर्च केलेले पैसे आता माझ्यावर कर्ज होते. एकटीच्या नावाने नवं टॅक्स क्रेडिटही मिळेना, कारण नवे अर्ज तोवर बंद झाले होते. आता ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ मागायचं होतं. त्यात सांभाळाच्या खर्चाचे 85 टक्के मिळतात, म्हणजे दर आधीपेक्षा चांगला. त्या वेळी दोन मुलांसाठी महिन्याला 1,108 पौंडांची मर्यादा होती. 2023 मध्ये ती बरीच वाढवली गेली. पण पहिली रक्कम हातात यायला पाच आठवडे लागतात. शिवाय नर्सरीचे पैसे आधी आपण भरायचे आणि मग पावती दाखवायची. ते पाच आठवडे भाईने पैसे पाठवले म्हणून निघाले.

दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागली. पती किंवा पत्नी गेल्यावर मिळणारी एक वेगळी मदत आहे, ‘बिरीव्हमेंट सपोर्ट पेमेंट’. गेलेल्या माणसाने पुरेसा नॅशनल इन्शुरन्स भरलेला असेल, तर मुलं असलेल्या जोडीदाराला आधी 3,500 पौंड आणि नंतर महिन्याला 350 पौंडांचे 18 हप्तेपर्यंत मिळतात. माझ्या पतीने वर्षानुवर्षं आपल्या कमाईतून भरलेल्या पैशांवर उभा असलेला हा हक्क आहे, खैरात नव्हे. पूर्ण रक्कम हवी असेल, तर अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. उशीर झाला की हप्ते कमी होतात आणि वर्ष उलटलं की ते 3,500 पौंडही जातात. माझे दोन हप्ते बुडाले.

आता हिशोब करा. इद्दत चार महिने दहा दिवसांची, मुदत तीन महिन्यांची आणि कळवायचं एका महिन्यात. इद्दत संपेपर्यंत थांबणारी प्रत्येक विधवा उशिराच पोहोचणार.

मग इद्दत आड आली का? नाही. अर्ज फोनवर करता येत होता आणि फोन माझ्या उशाशी होता. गरजेसाठी दिवसा घराबाहेर पडायलाही आपल्या मजहबात वाव आहे. आड आली ती आमची समजूत, की शोक करणाऱ्या बाईने पैशांचं बोलणं अदबीला सोडून आहे. इद्दतीत त्या बाईचा खर्च कसा चालतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणखी एक प्रसंग. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा निकाह बर्मिंगहॅममध्येच झाला. घरी मौलवी आले, साक्षीदार होते, दावत झाली. कायदेशीर नोंदणी राहिली ती राहिलीच. इंग्लंडच्या कायद्यात अशा निकाहाने विवाह होत नाही. तिथल्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये हेच सांगितलं. तिचा नवरा माझ्या पतीच्या आधी वारला आणि अर्ज करताना ती पत्नीच ठरली नाही. माझा निकाह चिपळूणचा, भारतीय कायद्याने वैध, म्हणून तिथेही मान्य झाला. तेच कलमे, तीच कबुली, पण एकीला पत्नीचा हक्क आणि दुसरीला नाही. फेब्रुवारी 2023 पासून कायदा बदलला आणि लग्नाविना एकत्र राहणाऱ्या, मुलं असलेल्या जोडीदारालाही ही मदत मिळू लागली. मूल नसेल, तर नुसत्या निकाहावरची बाई आजही बाहेरच आहे.

टॅक्स क्रेडिट एप्रिल 2025 मध्ये कायमचं बंद झालं. आता जे आहे ते युनिव्हर्सल क्रेडिट. तिथल्या आपल्या माणसांना तीन गोष्टी जरूर कळवा. एक, मृत्यूची खबर पहिल्याच महिन्यात सगळीकडे द्या. दोन, मदतीचा अर्ज तीन महिन्यांत करा, दुःख कमी होण्याची वाट पाहू नका. तीन, मुलं नोंदणीकृत ठिकाणीच ठेवा आणि प्रत्येक पावती जपा. घरात आजीने सांभाळलं तर तो खर्च धरत नाहीत. आणि ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्याची मनाई आहे, त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट मिळणार नाही, पण बिरीव्हमेंटची मदत त्या मनाईत येत नाही. ती विचारून पाहा.

हे बायकांपुरतंच नाही. बायको गेली तर मुलांचा सांभाळ नवऱ्यालाही करायचा असतो आणि अर्ज त्यालाही करायचे असतात.

इथे राहणाऱ्यांनीही आपल्या निकाहाची नोंद सरकारदरबारी करून घ्या. महाराष्ट्रात 1998 चा विवाहनोंदणीचा कायदा आहे. घरातले कागद कुठे ठेवलेत, ते दोघांनाही ठाऊक असू द्या. आणि उद्या कुणाच्या मयतीला गेलात, तर फातेहा पढून लगेच उठू नका. हलक्या आवाजात विचारा, "भाभी, टपाल उघडलंय का? मी मदत करू?"

मला तेव्हा एवढंच हवं होतं.