पायांची राखण
(मंडईत केलेले भाषण)



आपली ही दगडी मंडई १८८६ साली उघडली. आज तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. इथे कुणी डोक्यावर पाटी घेऊन चालतो, कुणी दिवसभर उभा राहून माल विकतो. आपले पोट पायांवर चालते. म्हणून आज पायांबद्दल बोलू. त्यातही मधुमेह असलेल्यांच्या पायांबद्दल.

मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढण्याचा रोग. आपण त्याला 'शुगर' म्हणतो. हा श्रीमंतांचा रोग, असे लोक म्हणत. पण २०२३ साली देशभरच्या पाहणीचे आकडे आले. भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असे त्यात दिसले. खेडीही त्यातून सुटलेली नाहीत.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायात दोन बिघाड होतात. दुखले-खुपले कळवणाऱ्या नसा निकामी होतात. पाय बधिर होतो. शिवाय रक्ताच्या वाहिन्या अरुंद होतात. मग जखम लवकर भरत नाही.

दुखणे कुणाला हवे असते? पण दुखणे हा आपला राखणदार आहे. काटा रुतला, की तो ओरडतो. बधिर पायात हा राखणदार झोपलेला असतो. खोक्याचा खिळा चपलेतून वर येतो, तरी माणूस चालतच राहतो. जखम चिघळते. पू हाडापर्यंत जातो. शेवटी पाय कापण्याची पाळी येते.

तमिळनाडूत वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम केले. त्या पायांना जखमा का होतात, हे त्यांनी शोधले. पाय बधिर असल्यामुळे इजा कळत नाही, हे मोठे कारण निघाले. मग तिथे मऊ रबराच्या वहाणा करून दिल्या. मधुमेहाच्या बधिर पायालाही हीच गोष्ट लागू पडते.

कुणी म्हणेल, "अहो, पाय दुखत नाही, मग डॉक्टरला दाखवायचा कशाला?" बाई, दुखत नाही, हीच तर काळजीची गोष्ट! चालताना चप्पल पायातून निसटली आणि कळलेच नाही, तर पाय बधिर झाला असे समजा.

राखणदार झोपला, तर राखण डोळ्यांनी करावी. रोज रात्री पाय धुवा. पाणी कोमट घ्या. ते घरच्या दुसऱ्या माणसाने हात घालून पाहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. तळवा आरशात पाहा, नाहीतर नातवंडाला पाहायला सांगा. टाचेला खोबरेल तेल लावा, पण बेचक्यांत लावू नका. नखे सरळ कापा. कुरूप ब्लेडने तासू नका. गरम विटेने पाय शेकू नका.

अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर भर दुपारी जाऊ नका. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची वहाण घ्या. ती संध्याकाळी विकत घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी झटका आणि आत हात फिरवून पाहा. विडी-तंबाखू सोडा.

फोड, जखम, काळा डाग किंवा सूज दिसली, तर हळद, चुना, तंबाखू भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम नसली, तरी वर्षातून एकदा पाय तपासून घ्या. डॉक्टर एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात. तो लागतो की नाही, यावरून पाय बधिर झाला का ते कळते. आणि साखर ताब्यात ठेवा. हे सर्वांत मोठे औषध.

मंडळी, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, हे तुम्हांला काय सांगावे! म्हणून तुम्ही रोज माल निवडता. तसाच रोज पायही पाहा. त्याला दोन मिनिटे लागतात. गेलेला पाय मात्र परत येत नाही.