पुरुषांची वक्षवृद्धी आणि तिची शस्त्रक्रिया : एक स्वानुभव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात दरवर्षी कोणीतरी आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी आपली प्रथा आहे. यंदा चिटणीसांनी ते काम मजवर सोपविले. माझी योग्यता म्हणाल तर मी मॅट्रिक झालेला, पुढे अध्यापनाची पदविका घेतलेला आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य आहे. वैद्याचा अधिकार मजपाशी नाही. रोग्याचा अधिकार मात्र आहे, आणि त्याच अधिकाराने मी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल, काहींना संकोच वाटेल. दोहोंची मी तयारी ठेवली आहे. कारण या व्याधीचा अर्ध्याहून अधिक भाग हसू आणि संकोच यांचाच बनलेला आहे.

काही पुरुषांची छाती स्त्रीच्या छातीसारखी वाढते. डॉक्टर लोक तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ सरळ 'स्त्रीसारखे स्तन' एवढाच आहे. दुसऱ्या शतकातील गेलन या प्रसिद्ध वैद्याच्या लेखनात तो आढळतो. सातव्या शतकातील एजिना येथील पॉल या वैद्याने तर छातीखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ही वाढ काढून टाकण्याची कृतीही लिहून ठेविली आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती अमेरिकेतील जेरोम वेबस्टर या शल्यविशारदाने 1946 साली प्रसिद्ध केली. तात्पर्य, ही आजच्या तरुणांची काही नवी चैन नव्हे. माणसाला हे दुःख फार जुने आहे.

मला ते चौदाव्या वर्षी झाले. प्रथम दोन्ही स्तनाग्रांखाली चिंचोक्याएवढी दुखरी गाठ लागली आणि वर्षभरात सदऱ्यावरून दिसेल इतकी वाढ झाली. घरात सांगावे कोणाला? वडिलांपुढे आम्ही डोके वर करून बोलत नसू. आईला सांगण्याची लाज वाटे. मी सदऱ्याखाली जाड बंडी घालू लागलो, ती वैशाखातदेखील. नदीवर पोहायला गेलो नाही. कबड्डीचा मला नाद होता, तो सोडला. खांदे पुढे घेऊन चालण्याची सवय लागली, ती पुढे पाठीचे दुखणे होऊन बसली. 1998 साली वडील वारले. ज्येष्ठ पुत्र या नात्याने उघड्या अंगाने मडके खांद्यावर घेऊन चितेला प्रदक्षिणा घालावयाची होती. त्या घटकेला माझे अर्धे चित्त वडिलांकडे होते आणि अर्धे छातीवर घट्ट गाठ मारलेल्या उपरण्याकडे होते. हे सांगताना आजही मला माझी शरम वाटते; छातीची नव्हे, त्या अर्ध्या चित्ताची.

याहूनही मोठे एक शल्य आहे. 1991 साली माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार. त्यालाही हीच वाढ होती. कवायतीच्या तासाला मुलांनी त्याला एक नाव ठेविले. ते नाव मी ओसरीवर उभा राहून ऐकले. एरवी वर्गात कोणी कोणाला वाकडे बोलले तर मी छडी उचलणारा मास्तर. परंतु त्या दिवशी मी मुकाट्याने आत निघून गेलो. आपण रागे भरावे आणि एखाद्या मुलाची दृष्टी आपल्याच सदऱ्यावर पडावी, ही मला भीती! तो मुलगा पुढे कवायतीला येईनासा झाला आणि दिवाळीनंतर त्याने शाळाच बदलली. तो आपल्या ज्ञातीतला होता की नव्हता, हे सांगण्याचे कारण नाही. तो माझा विद्यार्थी होता, आणि त्याच्यासाठी एक वाक्य बोलणे माझे कर्तव्य होते.

आता शास्त्र काय सांगते ते ऐका. प्रत्येक पुरुषाच्या शरीरात पुरुषत्वाच्या रसाबरोबर स्त्रीत्वाचा रसही अल्प प्रमाणात असतो. या दोहोंचे प्रमाण बिघडले की छातीतील ग्रंथी वाढते. नवजात बालकात आईच्या रक्तातून आलेल्या रसामुळे असे होते व काही आठवड्यांत ओसरते. वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना कमीअधिक वाढ होते आणि बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. म्हणून पालकांनी घाबरून जाऊ नये व सोळा वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेसाठी ओढून नेऊ नये. उतारवयात पुरुषरस कमी होतो, तेव्हा ती पुन्हा उद्भवू शकते. काहींच्या छातीवर ग्रंथी नसून नुसती चरबीच असते. त्यांस व्यायाम व मिताहार यांनी गुण येतो. परंतु ग्रंथी खरोखर वाढून वर्षावर काळ लोटला म्हणजे ती निबर होते, आणि मग दंडबैठकांनी किंवा औषधाने ती सहसा जात नाही. मी वीस वर्षे जोर काढले, त्याचा हा अनुभव.

काही वेळा मात्र ही वाढ दुसऱ्या आजाराची सूचना असते. यकृत वा मूत्रपिंड बिघडणे, थायरॉइडचा जोर वाढणे, अंडकोषातील गाठ, आणि काही औषधे ही त्याची कारणे होत. व्यायामशाळांतून शरीर फुगविण्यासाठी ज्या स्टेरॉइडच्या सुया व गोळ्या तरुण मुले घेतात, त्यांनीही छाती वाढते, हे येथे बसलेल्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे. स्तनाचा कर्करोग पुरुषालाही होतो. एकूण स्तनकर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे, पण लाजेपायी तो उशिरा उघडकीस येतो. एकाच बाजूला कठीण गाठ, त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे यांपैकी काही दिसले तर एक दिवसही दवडू नये.

मला डॉक्टरांकडे नेले ते या भीतीनेच. एकसष्टाव्या वर्षी डावी बाजू पुन्हा दुखू लागली आणि वाढली. आता सांगणे भाग आहे असे ठरवून एका रात्री कुटुंबापाशी विषय काढला. मी पुष्कळ प्रस्तावना केली. ती शांतपणे म्हणाली, "अहो, छत्तीस वर्षं मी काय आंधळी होते? तुम्हीच बोलत नव्हता, म्हणून मीही बोलले नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ." ज्या गोष्टीचे ओझे मी जन्मभर एकट्याने वाहिले असे समजत होतो, तिचे दुसरे टोक तिने इतकी वर्षे धरले होते!

आमच्या डॉक्टरांनी प्रथम माझ्या गोळ्यांची यादी पाहिली. रक्तदाबासाठी मी स्पायरोनोलॅक्टोन घेत होतो. तिने छाती दुखू व वाढू शकते असे सांगून त्यांनी ती बदलून दिली. अशी गोळी आपल्या मनाने कोणी बंद करू नये. नंतर रक्ताच्या तपासण्या, अंडकोषाची तपासणी आणि छातीची सोनोग्राफी झाली. कर्करोगाचे चिन्ह नव्हते. नव्या गोळीने वेदना गेली. परंतु चौदाव्या वर्षापासूनची वाढ होती तेथेच राहिली. तेव्हा मी पुण्यास एका प्लॅस्टिक सर्जनांकडे गेलो. जाहिरात पाहून जाऊ नये. प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. अथवा तत्सम पदवी आहे की नाही, हे पाहून जावे.

ते स्पष्टवक्ते निघाले. म्हणाले, "गुरुजी, चाळीस वर्षं उशीर केलात. तरुणाची त्वचा पुन्हा आवळते, तुमची पुरती आवळणार नाही. थोडं सैल राहील. चालेल?" मी म्हटले, चालेल. मला तारुण्य नको होते. खांदे सरळ करावयाचे होते.

तयारीस महिना लागला. हृदयाचा आलेख काढला आणि साखर तपासली. तंबाखूचे मला व्यसन होते, ते चार आठवडे आधी बंद करण्याची अट घातली. तंबाखूने जखम भरण्यास विलंब होतो. रक्त पातळ करणारी माझी गोळी डॉक्टरांनी परस्पर विचारविनिमय करून काही दिवस थांबविली. विमा कंपनीस आधी लेखी विचारावे, असा माझा सल्ला आहे. या शस्त्रक्रियेस सौंदर्याची शस्त्रक्रिया मानून खर्च बहुधा नाकारला जातो. माझा नाकारला. संमतिपत्र मी शाळेच्या दाखल्यासारखे ओळ न् ओळ वाचले. रक्त साकळणे, पाणी साचणे, बधिरपणा, दोन्ही बाजू थोड्या असमान होणे, खळगा पडणे, हे सारे धोके त्यात होते, आणि प्रत्येकाविषयी मी प्रश्न विचारला. विचारण्यात कमीपणा नाही.

त्या दिवशी मध्यरात्रीपासून उपास होता. छातीचे केस काढले. मग डॉक्टरांनी मला उभा करून शाईने छातीवर वर्तुळे आखली. निजल्यावर वाढीचा आकार बदलतो, म्हणून हे उभ्यानेच करावे लागते. जन्मभर फळ्यावर वर्तुळे मी काढली. त्या सकाळी फळा मीच झालो होतो. भूल पूर्ण दिली. पुढचे मला अर्थातच ठाऊक नाही. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले ते असे. प्रथम रक्तस्राव कमी व्हावा म्हणून औषधमिश्रित सलाइन छातीत भरतात. मग बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतात. शेवटी वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धगोल छेद देऊन निबर ग्रंथी कापून काढतात. स्तनाग्राखाली थोडा भाग मुद्दाम ठेवतात, नाहीतर तेथे बशीसारखा खळगा पडतो. काढलेला भाग तपासणीस पाठवितात. माझा अहवाल निर्दोष आला.

शुद्धीवर आलो तेव्हा छाती दगड ठेवल्यासारखी जड होती. दोन्ही बगलांखाली निचऱ्याच्या नळ्या होत्या; त्या तिसऱ्या दिवशी निघाल्या. डावी बाजू निळीजांभळी झाली होती, ती पंधरा दिवसांत निवळली. सहा आठवडे रात्रंदिवस एक घट्ट जाकीट घालावे लागले. बंडीत जन्म घालविलेल्या माणसास त्याचे काय! उताणे निजणे, बादली न उचलणे, हात डोक्यावर न ताणणे, ही पथ्ये कुटुंबाने छडी घेतल्यासारखी पाळून घेतली. स्तनाग्रे कित्येक महिने बधिर होती. आजही थोडी त्वचा सैल आहे, आणि बारकाईने पाहिल्यास उजवी व डावी सारखी नाहीत. परंतु गेल्या पितृपक्षात मी वडिलांच्या श्राद्धास उघड्या अंगाने बसलो. उपरणे खांद्यावर नुसते टाकले होते, गाठ मारली नव्हती. आणि पिंडदान होईपर्यंत माझे सगळे चित्त वडिलांकडे होते.

याचा अर्थ, ज्याची छाती वाढली त्या प्रत्येकाने शस्त्रक्रिया करावी, असे मी सांगत नाही. ज्यास तिचा त्रास वाटत नाही, त्याने जन्मभर तशीच ठेवावी; ती काही पाप नव्हे, की पुरुषत्वातली उणीव नव्हे. तपासणी मात्र प्रत्येकाने करावी, आणि लपविणे कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

यासाठी मंडळापुढे मी दोन नम्र सूचना ठेवितो. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात दरवर्षी आरोग्यतपासणी होते, ती एका ओळीत सदरे काढून होते. ती एकेका मुलाची पडद्याआड व्हावी. दुसरी सूचना, ज्या मुलास शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे आणि ऐपत नाही, त्यास वैद्यकीय साहाय्य निधीतून मदत मिळावी, आणि त्याचे नाव अहवालात छापू नये. प्रारंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम मी आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

शेवटी पालकांस आणि माझ्या शिक्षकबंधूंस एकच विनंती. ऐन उन्हाळ्यात मुलगा बंडी काढीत नसेल, पोहायला नको म्हणत असेल, खांदे पाडून चालत असेल, तर त्याला रागावू नका, चिडवू नका, आणि माझ्यासारखे ओसरीवरून आत निघूनही जाऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "बाळ, असे पुष्कळांना होते. आपण डॉक्टरांना विचारू." एवढे वाक्य मला चौदाव्या वर्षी कोणी ऐकविले नाही, आणि ज्याला ऐकवायला हवे होते त्याला मी ऐकविले नाही. ते आज आपणा सर्वांच्या साक्षीने उच्चारले, यातच माझ्या भाषणाचे सार्थक आहे.