गिरणगावची नवी रातपाळी

टेक्नो, हाउस, ट्रान्स ही नावं कानावर आली की माझ्या वयाची बरीच मंडळी कपाळाला आठ्या घालतात. यंत्राचा ठोका तो, त्यात संगीत कसलं, असं म्हणतात. मी परळच्या चाळीत वाढलो. यंत्राच्या ठोक्यावर झोपायची आम्हाला सवयच होती. त्यामुळे भाचा क्लबांतून डीजे म्हणून वाजवू लागला, तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईची ही रात्र मी हौसेनं हिंडून पाहिली. ‘मामा, तुम्ही स्पीकरपासून जरा लांबच उभे राहा,’ एवढी एकच अट त्यानं घातली होती.

डीजे नुसत्या तबकड्या लावतो, असा समज आहे. प्रत्यक्षात एका तुकड्याची लय दुसऱ्याच्या लयीशी जुळवून, समेचा धक्का लागू न देता तो तास-दीड तास एकच सूत्र वाढवत नेतो. हाउसमध्ये मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. ठोका बदलत नाही, बदलतो तो आवाजाचा रंग. ख्यालाची बढत ऐकणाऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

याच मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार, सिंथेसायझर वाजवणारे. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं वापरली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. या शेवटच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, म्हणजे मींडच म्हणा ना. त्यावर त्यांनी भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले आणि १९८२ मध्ये एचएमव्हीनं ती तबकडी काढली. ती फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटानं त्याच ३०३ यंत्रावर ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अॅसिड हाउसचा जन्म झाला. शिकागोकरांनी आपली तबकडी ऐकली असेल असं मानायला आधार नाही, तेव्हा उगाच छाती फुगवायला नको. पण २०१० मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढल्यावर जगभरच्या रसिकांनी कान टवकारले. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन तेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.

आता १९८२ हे साल म्हटलं की आमच्या भागात तबकडी कुणाला आठवणार? १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. माझे वडीलही त्यातलेच. गिरणगावाला तोवर स्वतःची रात्र होती. रातपाळी होती, बायकांनी चालवलेल्या खाणावळी होत्या, भजनी मंडळं होती, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत होते. भोंगे बंद पडले आणि ती रात्र विझली. डेट्रॉइटमध्येही टेक्नो उगवलं तेव्हा मोटारींचे कारखाने ओस पडू लागले होते, आणि बर्लिनमध्ये भिंत पडल्यावर ते रिकाम्या तळघरांत, बंद वीजघरांत वाढलं. पण तिथं आधी पोरं आली आणि जागेचे भाव मागाहून चढले. आमच्याकडे भाव आधी चढले.

२००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. उत्तम ध्वनियंत्रणा, देशोदेशीचे वादक आणि डीजे. नऊ वर्षं मुंबईला तिथं चांगलं ऐकायला मिळालं. २०१६ मध्ये तेही बंद झालं. आणि २०१७ च्या डिसेंबरअखेर, शेजारच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली. १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून. गिरणीत आग लागली तर कुठून पळायचं हे आमच्या वडिलांना माहीत होतं. नाचायला आलेल्या पोरांना ते कुणी सांगावं?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतात. मला तो नियम रास्त वाटतो; शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं असतात. भाच्याला तो जाचतो. यावरून आमचे वाद होतात आणि त्याची आई आम्हाला जेवायला बसवते. बंद जागेत परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा आहे.

दीडला दिवे लागतात. गिऱ्हाइकं टॅक्सी करून जातात. त्यानंतर टेबलं पुसणारे, ग्लास धुणारे, दारावर उभे राहणारे बाहेर पडतात. शेवटची लोकल केव्हाच गेलेली असते, पहिली चारनंतर. गणवेश पिशवीत कोंबून ही पोरं स्टेशनबाहेर बसून राहतात. नालासोपाऱ्याच्या एकाला मी विचारलं, आत वाजत होतं ते आवडतं का? तो म्हणाला, ‘काका, आवडतं की. पण त्या आवाजात ऑर्डर ऐकू येत नाही, म्हणून ओठ वाचायला शिकलोय.’ माझे वडील साच्यांच्या खडखडाटात तेच करायचे.