जहाजाच्या पोटात

(धर्मग्रामाच्या जुबिली समारंभातील भाषण)



आरमारातील आमच्या आठवणी आज सांगाव्यात अशी मुख्य धर्मगुरूंची आज्ञा झाली. तोफांच्या व विमानांच्या कथा ऐकावयास मिळतील अशी मुलांची अपेक्षा असेल; परंतु आम्ही पडलो एंजिनखात्याचे अधिकारी. 1971 सालचे युद्ध आम्ही 'विक्रांत' जहाजाच्या पोटात काढले. समुद्र आमच्या दृष्टीस फारसा पडलाच नाही. तेव्हा योनासारखी आतलीच हकीकत सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

'विक्रांत' ही विमानवाहू नौका 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे आपल्या आरमारात दाखल झाली. वर हजारावर माणसांचे जणू एक गाव. खाली, पाण्याच्या पातळीखाली, चार बॉयलर. तेथे चार चार तासांच्या पाळ्या, अंगावर घामाचे ओहोळ आणि कान बधिर करणारा आवाज. शांततेच्या काळात आमच्या हाताखाली रत्नागिरीकडील एक वयस्क आगवाला होता. तो नव्या पोरांच्या डोळ्यांवर फडके बांधी व प्रत्येक झडप नुसत्या हाताने शोधावयास लावी. पोरे कुरकुरत. आम्हांसही तो पोरखेळ वाटे. एकदा तर आम्ही सर्वांदेखत त्याची थट्टा केली. तो इतकेच म्हणाला, "साहेब, अंधार सांगून येत नाही."

युद्धापूर्वी एका बॉयलरला चिरा पडल्याचे आढळले. जहाजाचा वेग घटला. आणि वाऱ्याच्या तोंडी वेगाने गेल्यावाचून जहाजावरून विमान उडविणे कठीण. तरीही 'विक्रांत' पूर्व समुद्रात गेली, आणि 4 डिसेंबर रोजी तिची विमाने कॉक्स बाजार व चितगाव यांवर चालून गेली. विमान उडविणाऱ्या यंत्रास वाफ आमचीच लागे. काटा किंचित खाली आला की एक विमान गेले, असे आम्ही मोजीत असू. परतलेली मात्र वरून कोणी सांगितली तरच कळत.

अशाच एका पाळीत आमच्या कप्प्यातील दिवे गेले. कोणी ओरडले नाही. अंधारात ज्याचा त्याचा हात आपापल्या झडपेवर गेला. पाळी संपताच आम्ही त्या आगवाल्याची क्षमा मागितली.

पुढे बातमी आली की, 'विक्रांत'च्या मागावर असलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. जयघोष झाला, आम्हीही टाळ्या पिटल्या. आगवाला मात्र गप्प होता. "तेही आपल्यासारखे खालीच होते, साहेब," तो म्हणाला. त्या पाणबुडीतील नव्वदांहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नव्हता. 9 डिसेंबर रोजी दीवजवळ आपली 'खुखरी' बुडाली. तिच्याबरोबर 18 अधिकारी व 176 नाविक गेले. त्या दिवशी पलीकडे कोणी टाळ्या पिटल्या असतील, हा विचार आम्हांस झोपू देईना.

जहाजावर धर्मगुरू नव्हते. आम्ही चारपाच कॅथलिक जण एका कोपऱ्यात जमून जपमाळ म्हणत असू. 'खुखरी'ची वार्ता आल्यावर आम्ही ती मृतांसाठी म्हटली, आणि प्रथमच 'गाझी'वरील मृतांसही त्यांत धरले. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आम्ही बाळपणापासून ऐकत आलो होतो; ती किती जड आहे हे त्या रात्री कळले. एकाचे तर शब्दच घशात अडकले. त्याचा भाऊ 'खुखरी'वर होता. तरीही त्याचे मणी पुढे सरकत राहिले.

मातांनो, लहान मुले रोजच्या प्रार्थनेला कंटाळतात, म्हणून ती सोडू नका. आमच्या आईने झोपेने पेंगणाऱ्या आम्हांस गुडघ्यांवर बसवून जी जपमाळ म्हणवून घेतली, तीच त्या रात्री आमच्या हाती लागली. अंधार सांगून येत नाही.

आज ह्या जुबिलीच्या दिवशी आपल्या मंदिरात मेणबत्त्या लागतील. त्यांतील एक समुद्रतळी विसावलेल्या, दोन्ही बाजूंच्या त्या माणसांसाठी लावावी, एवढीच आमची विनंती आहे. सागरतारका पवित्र मरिया आपणां सर्वांस बंदरी पोहोचवो.