श्रम अनेकांचे, मालकी मूठभरांची

२००५ साली कॅलिफोर्नियात तीन तरुणांनी यूट्यूब स्थापन केले. पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरचे समभाग देऊन ते विकत घेतले. कंपनीत तेव्हा सुमारे ६५ माणसे होती. मग एवढे मूल्य निर्माण केले कोणी? तंत्रज्ञांचे कौशल्य त्यात होतेच. परंतु असंख्य सामान्यजनांनी विनामोबदला चढवलेल्या चित्रफितींवाचून ती पेठ ओस पडली असती. विक्रीतला छदामही त्यांच्या वाट्याला आला नाही.

विकिपीडियाही अशाच विनावेतन श्रमांवर उभा आहे. मात्र २००३ पासून त्याचा कारभार ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे आणि त्यातील ज्ञान सर्वांना खुले आहे. श्रमाची रीत सारखीच, मालकी भिन्न. नव्या तंत्राचे स्वागत करताना मालकीचा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.